मागचं वजन

पुस्तकात इंच, फाइलीत फूट. विमानाचं पुस्तक इंजिनामागच्या भिंतीपासून मागे मोजतं आणि ते अधिक धरतं. सिम्युलेटरची फाइल पुढचं अधिक धरते, मागचं उणे. सेसना १७२ ची फाइल उघडून बसणाऱ्याला हे सांगायला नको. पुढच्या जागा ३७ इंचांवर, मागच्या ७३ वर, सामान ९५ वर, आणि गुरुत्वमध्य ४७.३ च्या मागे गेला की कारभार आटोपला. चिखलीतल्या माझ्या माळ्यावर या आकड्यांपायी कितीतरी रात्री गेल्या, भारनियमनातल्या इन्व्हर्टरसकट. आकडे जुळले, विमान मात्र जुळेना.

अडतं ते स्प्रिंगपाशी. खऱ्या विमानात गुरुत्वमध्य मागे सरकला की योक हलका पडतो, जरा ओढलं की नाक भसकन वर येतं. पुढे सरकला तर ओढून ओढून दंड भरतो. बैलगाडी उलार झाली की जू मानेवरून उठतं, धुरजड झाली की मान सोलते, तसंच हे. माझ्या जॉयस्टिकच्या स्प्रिंगला यातलं काही कळत नाही. मागच्या बाकावर दोन पहिलवान बसवा की बाक रिकामा ठेवा, तिचा ताण तोच. त्यात ट्रिमची भानगड. वैमानिक ट्रिमचं चाक फिरवतो तेव्हा योक जिथे धरला आहे तिथेच हलका होतो. इथे ट्रिम फिरवता फिरवता आपणच काठी मध्यावर सोडत आणायची, कारण स्प्रिंगचा मध्य जागचा हलत नाही.

यावर काही जण पिच स्टॅबिलिटीचा आकडा वाढवून मोकळे होतात. मग विमान शहाण्यासारखं उडतं, आणि मागे काहीही लादलं तरी तितकंच शहाणं राहतं! याला मी काम म्हणत नाही. वजन नेमकं कुठे आहे हे न विचारता विमान उडवायची हौस आपल्याकडे जुनीच. १८९५ साली तळपद्यांनी चौपाटीवर विमान उडवलं, हे आमच्या पारावर अजून छातीठोकपणे सांगतात. ते ज्याचा दाखला देतात त्या ‘वैमानिक शास्त्रा’तली विमानं उडूच शकत नाहीत, असं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी १९७४ मध्ये लिहिलं, ते पाराला सांगून बघितलं. उपयोग नाही.

शेजारची पोरगी माळ्यावरच्या याच सिम्युलेटरच्या खुर्चीत शिकली. आता ती उड्डाणशाळेत आहे, खरं सेसना उडवते. दिवाळीत आली, पुन्हा या खुर्चीत बसून चिकलठाण्याहून उडाली, लोणारला वळसा घातला. विवराचा व्यास १.८ किलोमीटर, काठाकाठाने १०० नॉट्सने फिरायला १७ अंशांचा कल पुरतो. तिने तो न मोजता धरला. अकोल्याच्या शिवणीला चाकं टेकवली आणि म्हणाली, “काका, पुढे दोघंच असले न, तर उतरताना हात दुखतो. तुमच्या विमानात दुखतच नाही.”

मी तिला आकडे समजावत बसलो. टाक्या ४८ इंचांवर असतात, म्हणून इंधन जळत गेलं की मध्य किंचित पुढे येतो, वगैरे. तिला ते ठाऊक होतं. ती ऐकत राहिली. गल्लीतली मुलं मला ‘कॅप्टन’ म्हणतात, ते मला आवडतं, आणि मी सेसनाला कधी हातही लावलेला नाही हे त्यांना सांगायचं मी टाळत आलो. तिच्यासमोर टाळायची सोय नव्हती.

आता स्प्रिंग काढून टाकली आहे. सायकलच्या ट्यूबच्या दोन पट्ट्या, एक काठीच्या पुढे, एक मागे, दोन्हींची टोकं एका सरकत्या लाकडी पाटीवर. ट्रिम फिरवला की पाटी सरकवायची, म्हणजे मध्यही सरकतो. पुढे दोघंच असतील तर पट्ट्या आखूड, मागे भरलं की सैल. किती सैल, याचा आकडा मात्र कुठून आणायचा? बोटाने ताणून बघतो, उतरतो, पुन्हा बांधतो.

संक्रांतीला ती येईल. ‘अजून नाही’ म्हणाली तर ट्यूब बदलीन. फाइलीला हात लावणार नाही, तिथले आकडे बरोबर आहेत.