चार महिन्यांचं छप्पर

रत्नागिरीहून काजळी नदीवरचा पूल ओलांडला की आमचं भाट्ये लागतं. उजव्या हाताला समुद्र, पुळण आणि सुरूचं बन. ऑक्टोबर ते मे या गावाला छपराची गरजच भासत नाही. पोरं वाळूत धावतात, क्रिकेट खेळतात. शहरात थिबा पॅलेसच्या आवारात जानेवारीत संगीत महोत्सव होतो, तोही उघड्या आभाळाखाली. मग जून येतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, आणि त्यातला बहुतेक सगळा चार महिन्यांत. मैदानाचा चिखल होतो, समुद्र पुळण खाऊन टाकतो.

आमच्या लहानपणी खेळांनाही पावसाळ्याची सुट्टी असे. त्याचं वाईट वाटायचं नाही, कारण आपण थांबलो तसा पुण्या-मुंबईतला कबड्डीपटूही थांबलेला असायचा. मातीचा खेळ, माती भिजली की संपला.

हा हिशेब आमच्या डोळ्यांदेखत बदलला. प्रो कबड्डीचा पहिला सामना 26 जुलै 2014 रोजी वरळीच्या एनएससीआयच्या बंदिस्त स्टेडियममध्ये झाला. ऐन पावसाळा, पण आत कोरडी मॅट आणि झगझगीत दिवे. अल्टिमेट खो-खोचा पहिला हंगाम 2022 च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या बालेवाडीत सुरू झाला. जानेवारी 2025 मध्ये खो-खोचा पहिला विश्वचषक दिल्लीच्या इंदिरा गांधी इनडोअर स्टेडियममध्ये, मॅटवरच झाला. खेळ छपराखाली गेला आणि पाऊस सगळ्यांसाठी सारखा राहिला नाही.

माझी भाची खो-खो खेळते. तिच्या संघाच्या वाट्याला छप्पर आलेलं नाही. जूननंतर शाळेच्या व्हरांड्यात उठाबशा, जागच्या जागी धावणं आणि जिन्यावर चढउतार, एवढाच सराव. खो-खोचं मैदान 27 मीटर लांब आणि 16 मीटर रुंद. ते व्हरांड्यात कसं मावणार? खांबाला वळसा घालणं, सूर मारणं या गोष्टी कोरड्या अंगाने शिकता येत नाहीत. शिवाय मातीवर पाय थोडा घसरतो, मॅटवर तो धरून ठेवला जातो. त्याची सवय गुडघ्यांना व्हावी लागते. निवड चाचणीच्या दिवशी ती होत नाही.

म्हणून कुणी ‘बहुउद्देशीय’ स्टेडियमचं नाव काढलं की मी कान टवकारते. पण तो शब्द जरा तपासून घ्यावा. खेळाला टणक जमीन, उंच छत आणि मध्ये एकही खांब नसलेली जागा लागते. अशा जागेत गाणं ठेवलं तर आवाज भिंतींवरून परत येतो, तान तानेवर चढते. त्यासाठी जाड पडदे, आवाज शोषणारे तक्ते लागतात. आणि कोकणात वर नुसता पत्रा घातला तर आषाढात गवयाचा सूर सोडाच, पंचाची शिट्टीही ऐकू यायची नाही. खारा वारा त्या पत्र्याला किती वर्षं टिकू देईल, हा पुढचा प्रश्न.

हे जमत नाही असं नाही. आपल्यासारख्याच पावसात, आपल्याच किनाऱ्यावर, गोवा विद्यापीठाजवळ 2014 च्या लुसोफोनिया क्रीडास्पर्धांसाठी श्यामाप्रसाद मुखर्जी स्टेडियम उभं राहिलं. पुढे इफ्फीचे सोहळेही तिथे झाले. एकाच छताखाली खेळ आणि दिव्यांची रोषणाई दोन्ही नांदू शकतात.

मला धास्ती आहे ती नोंदवहीची. संगीताच्या कार्यक्रमातून, प्रदर्शनातून, लग्नातून भाडं मिळतं; सोळा वर्षांच्या मुलींच्या सरावातून मिळत नाही. वीजबिल भरायचं तर तारखा कुणाला जाणार हे उघड आहे, आणि त्यात कुणाचा दुष्टपणाही नसतो. म्हणून इमारतीच्या नकाशाआधी वेळापत्रक ठरावं. जून ते सप्टेंबर, रोज सकाळी सहा ते नऊ, मॅट अंथरलेली आणि दार उघडं. संध्याकाळी खुशाल मैफली होऊ देत. मीही तिकीट काढून जाईन. गायक जानेवारीपर्यंत थांबू शकतो. सोळावं वर्ष थांबत नाही.