जमिनीखालची काचेची तार

खोडदची रेडिओ दुर्बीण पाहून आलेला माणूस तबकड्यांचेच वर्णन करतो. दरवर्षी २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, ती लोकांना पाहता येते. मी मात्र तेथे जमिनीत पुरलेल्या केबलचीच चौकशी करीत राहिलो. बी.कॉम. कारकुनाला ही उठाठेव कशाला, असे सोबतच्यांनी विचारलेच.

प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने १९९०च्या दशकात नारायणगावजवळ ही दुर्बीण उभी राहिली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. १४ मध्यभागी, उरलेल्या १६ तीन दिशांना, सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत विखुरलेल्या. प्रत्येकीने ऐकलेले एका जागी आणून ताडून पाहावे लागते. बिनतारी यंत्राने पाठवावे, तर त्याच्याच गोंगाटात आकाशाचा क्षीण आवाज बुडणार. म्हणून केसाएवढा काचेचा तंतू आणि त्यातून धावणारा प्रकाश. तबकडी कोठे वळवायची, हा हुकूमही याच वाटेने जातो.

असा तंतू तुटला तर? एका टोकातून प्रकाशाचा ठोका सोडतात. तुटल्या जागेवरून त्यातला थोडा परत फिरतो. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. जाऊन यायला सेकंदाचा दहाहजारावा भाग लागला, तर तूट १० किलोमीटरवर! मग तेथे खणायचे, टोके साफ कापायची आणि विजेच्या ठिणगीने वितळवून सांधायची. या सांधणीला खगोलशास्त्राची पदवी लागत नाही, स्थिर हात लागतो.

आमच्या कऱ्हाटीत पाइपलाइनसाठी जेसीबी लागला, की कुठेतरी अशीच केबल तुटते आणि बँकेत ‘लिंक नाही’ची पाटी लागते. निराधार योजनेच्या पैशासाठी आलेल्या म्हाताऱ्या दिवसभर बसून हात हलवीत परततात. एका आजींनी मला विचारले, “बाळा, ह्यो लिंक कवा येनार?” त्यांना वाटले, साहेबाचे नाव आहे.

केबलचे चर खणायला वस्तीतली पोरे रोजंदारीवर जातात. चर बुजला की त्यांचे काम संपते; सांधणारा माणूस मात्र पुण्याहून गाडीने येतो. आयटीआय झालेल्या मुलालाही ही सांधणी शिकता येते, असे मी वाचनालयात सांगितले, तेव्हा एकजण म्हणाला, “काका, केबल कुठनं गेलीय ते आमालाच ठावं हाय. चर आमीच खांदलाय.”

त्याचा प्रवेशअर्ज मी रविवारी भरून देणार आहे. दाखला तेवढा शाळेतून आणायचा राहिला आहे.