घर पाहावं राहून

ऑफर लेटर चाकणचं, बायकोचं ऑफिस हिंजवडीत, आई-बाबा चिंचवडला आणि सामानाचा कंटेनर अजून समुद्रात! परदेशातून परत येणाऱ्यांसाठी पिंपरी-चिंचवड ते चाकण पट्ट्यात भाड्याचं घर शोधण्याचा फंडा.

मॅपवर 'म्हाळुंगे' टाइप करा. दोन सापडतील. एक बालेवाडीला चिकटलेलं, टॉवर आणि क्लब हाउसवालं. दुसरं चाकणजवळचं म्हाळुंगे इंगळे, जिथे बजाजचा प्लांट आहे. दोघांच्या मध्ये चांगले पंचवीस-तीस किलोमीटर आणि पिंपरी-चिंचवडचा सगळा ट्रॅफिक. आता श्टुटगार्ट किंवा डेट्रॉइटमध्ये बसून रात्री अकरा वाजता लॅपटॉपवर 'म्हाळुंगे, टू बीएचके, सेमी फर्निश्ड' शोधणाऱ्याला हे कोण सांगणार? तो बिचारा स्विमिंग पूलचे फोटो बघून खूश!

अशा गमती इथे पावलोपावली आहेत. पिंपळे एक नाही, तीन आहेत: गुरव, सौदागर आणि निलख. 'भोसरी' नावानं सुरू झालेलं मेट्रो स्टेशन प्रत्यक्षात नाशिक फाट्याला आहे, भोसरी गाव तिथून पुढे. आणि 'चाकणपासून जवळ' या शब्दांना तर काही अर्थच नाही. जवळ म्हणजे किती वाजता, हे आधी विचारायचं.

शहर नव्हे, पट्टा!

परदेशात घर शोधताना आपल्याला एक सवय लागते. मध्यभागी डाउनटाउन, भोवती सबर्ब, ट्रेनचा नकाशा बघितला की काम झालं. इथे तसं नाही, कारण हा भाग शहर म्हणून वाढलाच नाही. तो कारखान्यांच्या मागोमाग वाढला. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. साठच्या दशकात एमआयडीसी, टेल्को आणि बजाज आले. महापालिका झाली १९८२ मध्ये. १९९७ मध्ये आजूबाजूची १८ गावं हद्दीत आली. तोवर कारखाने पुढे सरकायला लागले होते. १९९९ मध्ये बजाजनं चाकणला प्लांट सुरू केला. २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ तिथे पोहोचल्या. चाकण पिंपरी-चिंचवड महापालिकेत नाही, त्याची स्वतःची नगरपरिषद आहे.

मग घर शोधायचं कसं? सोपं आहे. शहर निवडू नका, रस्ता निवडा. या पट्ट्यात रस्ते मुख्य तीन.

नाशिक रस्त्याची बाजू

नाशिक फाट्यावरून निघालं की भोसरी, मोशी आणि मग चाकण. ज्याची कंपनी चाकणला आहे, त्याला हा सरळ रस्ता. मोशीत नव्या सोसायट्या भरपूर, फ्लॅट प्रशस्त. स्पाइन रोडवरून चिखलीमार्गे थेट निगडीला निघता येतं, म्हणजे आई-बाबांकडे जायला हायवेवर यायची गरज नाही. पण महापालिकेचा कचरा डेपोही मोशीतच आहे. तेव्हा फ्लॅट बघायला एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी जा, आणि खिडकी उघडून दोन मिनिटं उभे राहा. ब्रोचरमध्ये वारा कुठल्या दिशेनं येतो ते छापत नाहीत.

खुद्द चाकणमध्ये राहायचं का? एकट्या माणसाला, शिफ्टची नोकरी असेल तर, जरूर. गाव जुनं आहे. संग्रामदुर्ग हा भुईकोट इथलाच, १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी शाइस्ताखानाविरुद्ध लढवलेला. कांद्याचा बाजारही प्रसिद्ध. पण आंबेठाण चौक आणि तळेगाव चौक इथे ट्रक, कंटेनर आणि कंपन्यांच्या बस एकाच वेळी येतात. जोडीदाराची नोकरी पुण्यात किंवा हिंजवडीत असेल तर हे दोन चौक तुमच्या संसारात रोज डोकं घालणार.

हायवेची बाजू

वाकड, पिंपळे सौदागर, रावेत, पुनावळे. परदेशातून येणाऱ्यांची पहिली उडी बहुतेक इथेच पडते. गेटेड सोसायटी, जिम, लिफ्टमध्ये हिंदी-इंग्लिश, खाली कॅफे. हिंजवडीत काम असेल तर वाकड झकास. रावेतच्या बाजूला एक्स्प्रेस-वे जवळ, म्हणजे मुंबईला सटकायला सोपं. पण कंपनी चाकणला असेल, तर वाकडहून रोज अख्खं पिंपरी-चिंचवड आडवं कापायची तयारी ठेवा. रविवारी सकाळी गाडी मारून 'अरे, फार लांब नाही' असं म्हणणाऱ्यांनी तोच प्रवास मंगळवारी सकाळी आठला करून बघावा. मत बदलतं.

रेल्वेची बाजू

पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, निगडी आणि पुढे तळेगाव. फोटोत ही बाजू जरा फिकी पडते. इमारती जुन्या, लिफ्ट छोटी, स्विमिंग पूल नाही. पण प्राधिकरणातले रस्ते रुंद आहेत, झाडं मोठी झालेली आहेत, आणि पायी जाण्याच्या अंतरावर भाजी, दवाखाना, वाचनालय असं खरंखुरं गाव आहे. तुकोबांच्या पालखीचा देहूहून निघाल्यावर पहिला मुक्काम आकुर्डीतच. पुणे-लोणावळा लोकल आहे. मेट्रो २०२२ च्या मार्चमध्ये पिंपरीहून फुगेवाडीपर्यंत, २०२३ च्या ऑगस्टमध्ये सिव्हिल कोर्टपर्यंत आणि २०२४ च्या सप्टेंबरमध्ये स्वारगेटपर्यंत पोहोचली. पिंपरी ते स्वारगेट, मध्ये कुठेही गाडी न बदलता! निगडीपर्यंतच्या वाढीव मार्गालाही २०२३ मध्ये मंजुरी मिळाली.

तळेगाव दाभाडे या सगळ्यांत निवांत. हवा चांगली, गाव टुमदार. मात्र चाकणला जायचा रस्ता अवजड वाहनांचा आहे. 'तळेगाव-चाकण' हे शब्द ऑफिसात नुसते उच्चारा, चार जणांचे सुस्कारे ऐकू येतील.

हार्वर्डहून थेट आकुर्डी

परदेशातून परत येऊन इथे घर केलेल्यांमध्ये सगळ्यात नावाजलेलं नाव राहुल बजाज यांचं. १९६४ मध्ये हार्वर्डमधून एमबीए करून आलेल्या या तरुणानं पुण्याच्या एखाद्या पॉश बंगल्याऐवजी आकुर्डीच्या कारखान्याला लागून असलेल्या कॉलनीत संसार थाटला. कामगार आणि अधिकारी जिथे राहतात तिथेच मालक. त्या काळात आकुर्डी म्हणजे पुणेकरांच्या दृष्टीनं 'लांब' या शब्दाच्याही पलीकडे! पण २०२२ मध्ये त्यांचं निधन झालं तेव्हाही त्यांच्या नावाशी आकुर्डी जोडलेलीच होती.

तर मग कंपनीच्या गेटला खेटून घर घ्यावं? थांबा. बजाजसाहेबांची कंपनी त्यांची स्वतःची होती. तुमची-आमची नाही. आणि आकुर्डीतलं गाड्यांचं उत्पादनसुद्धा २००७ मध्ये थांबलं. मर्सिडीज आधी पिंपरीत टेल्कोच्या आवारात गाड्या जोडायची, ती चाकणला गेली. जनरल मोटर्सनं तळेगावचा प्लांट २००८ मध्ये सुरू केला आणि २०२० संपता संपता तिथलं उत्पादन बंद केलं. पुढे तो प्लांट ह्युंदाईनं घेतला. इथले कारखाने घरांपेक्षा जास्त फिरतात. म्हणून एका गेटजवळचं घर नको, दोन रस्ते उघडतील असं घर हवं.

बस कोणाला नाही?

आता मुद्द्याचं. चाकणच्या बऱ्याच मोठ्या कंपन्यांना स्वतःच्या बस आहेत. सकाळी ठरलेल्या स्टॉपवर उभं राहायचं, एसीत बसून झोपायचं, प्लांटच्या गेटवर उठायचं. ऑफर लेटरवर सही करायच्या आधी एचआरकडून बसचे रूट आणि पिकअप पॉइंट मागून घ्या. पगाराइतकाच महत्त्वाचा कागद आहे तो.

पण बस मिळाली की प्रश्न सुटला असं ज्याला वाटतं, तो अर्धाच विचार करतोय. कारण बस एकालाच असते. दुसरा कुठे असतो? म्युनिकमधली चांगली नोकरी सोडून आलेली बायको, किंवा अमेरिकेत स्वतः ड्राइव्ह करत फिरणारा आणि इथे अजून काम न मिळालेला नवरा. तिकडे ट्रेन पकडून एकटीनं कुठेही जाणारी मुलगी इथे सोसायटीच्या गेटवर रिक्षाची वाट बघत उभी राहते. रिक्षा येत नाही, कॅब कॅन्सल होते, इंटरव्ह्यू शिवाजीनगरला. सहा महिने असं चाललं की जेवताना एक वाक्य ऐकू येतं, 'तुझं ठीक आहे रे.' परतीचं तिकीट त्या वाक्यापासून बुक व्हायला लागतं. मग लोक देशाला नावं ठेवतात, सिस्टिमला ठेवतात. चुकलेला असतो फक्त फ्लॅट.

म्हणून साधा नियम. घरातल्या ज्या माणसाला कंपनीची बस नाही, त्याच्यासाठी घर निवडा. नोकरी शोधायची असेल तर मेट्रो किंवा लोकलच्या जवळ. हिंजवडीची नोकरी ठरलेली असेल तर वाकड-रावेतच्या बाजूला, बसवाला थोडा लवकर उठेल. आई-बाबांची तब्येत नाजूक असेल तर त्यांच्याच पेठेत किंवा सेक्टरमध्ये. मुलं लहान असतील तर शाळेच्या बाजूला. सीबीएसईच्या शाळा साधारण एप्रिलमध्ये सुरू होतात, स्टेट बोर्डाच्या जूनमध्ये, हे तारखांचं गणित विमानाच्या तिकिटाआधी करा. शिवाय २०२० च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची आहे. आजी जवळ असली तर ट्यूशन फुकट!

आणि हो, सुटीचा वार बघा. पिंपरी-चिंचवड एमआयडीसीतल्या अनेक कारखान्यांची सुटी गुरुवारी असते. आयटीवाल्याचा शनिवार-रविवार. दोघांची सुटी वेगळी असेल तर घर आणखीच जपून निवडायला हवं, कारण एकत्र वेळ मिळणार तो फक्त संध्याकाळचा. तोही रस्त्यात घालवायचा?

कागद पक्के करा

आपल्याकडे भाडेकरार बहुधा अकरा महिन्यांचा. पण १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार महाराष्ट्रात करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. 'आपल्यात कशाला कागद' म्हणणाऱ्या मालकाला गोड हसून नाही म्हणा. खर्च फार नाही. महिना २५ हजार भाडं, ७५ हजार डिपॉझिट, अकरा महिने: स्टॅम्प ड्युटी साधारण सातशे रुपये, महापालिका हद्दीत नोंदणी फी हजार रुपये. एजंटची फी वेगळी. नोंदणी ऑनलाइन होते, अंगठ्याचं मशिन घेऊन माणूस घरी येतो. हाच कागद पुढे गॅस कनेक्शनला आणि आधारवरचा पत्ता बदलायला चालतो.

एक खास गोष्ट. आपण ज्यांच्यासारखे परत येतोय, त्यांच्यातलेच न परतलेले लोक अनेकदा घरमालक असतात. मालक एनआरआय असेल तर भाड्यातून टीडीएस कापून भरायची जबाबदारी भाडेकरूची. भाडं कितीही असो. मालक कुठे राहतो हे डिपॉझिट द्यायच्या आधी विचारा आणि सीएला एक फोन करा.

बघायला जाताना विचारा

* पाणी महापालिकेचं किती आणि टँकरचं किती? शहरात २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये एक दिवसाआड पाणी सुरू झालं, तेव्हापासून हा पहिला प्रश्न. उत्तर एजंटकडून नको, वॉचमनकडून घ्या.
* लाइट गेल्यावर फक्त लिफ्ट चालते की घरातले पॉइंटही?
* मेंटेनन्स भाड्यात धरलाय की वेगळा?
* ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशिनचा नळ आहे का?
* लॉक-इन आहे का? पहिल्या वर्षी नसलेलाच बरा. एक महिन्याच्या नोटिशीवर सुटता आलं पाहिजे.
* रिक्षा स्टँड किंवा बस स्टॉप किती पावलांवर? पावलं मोजा, एजंटवर विसंबू नका.

'घर पाहावं बांधून' ही म्हण ज्या काळात झाली, त्या काळात माणूस जन्मला तिथेच राहायचा. परत येणाऱ्यानं मात्र आधी घर राहून पाहावं. विकत घ्यायची घाई नको. कंटेनर येईपर्यंत पंधरा-वीस दिवस आई-बाबांकडे किंवा सर्व्हिस अपार्टमेंटमध्ये काढा. कामाच्या दिवशी सकाळी आठला दोघंही आपापल्या रस्त्यावर निघून बघा. संध्याकाळी भेटा, चहा घ्या, आणि ज्याचा दिवस जास्त वाईट गेला त्याला फ्लॅट निवडू द्या. चुकलंच तर अकरा महिन्यांनी टेम्पो बोलवायचा. समुद्र ओलांडून आलेल्या माणसाला नाशिक फाटा ओलांडणं काय अवघड!