चोळमंडळातील चित्रकारांचे गाव

चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर फिरावयास गेलेला प्रवासी एका शिल्पापाशी हटकून थांबतो. चार मजूर देहाचा सारा भार टाकून एक प्रचंड शिळा हलवीत आहेत. ‘श्रमाचा विजय’ या नावाने ओळखले जाणारे हे शिल्प देवीप्रसाद रायचौधुरी यांचे असून ते येथे १९५९ साली उभारले गेले. रायचौधुरी हे मद्रासच्या सरकारी कलाशाळेचे अनेक वर्षे प्राचार्य होते. त्या मजुरांच्या पाठीवरील ताणलेले स्नायू पाहताना माझ्या मनात एक वेगळाच विचार आला. शिळा हलविणाऱ्याच्या श्रमाला निदान एक पुतळा तरी लाभला; परंतु पुतळा घडविण्यास शिकून जी मुले त्या शाळेतून दरवर्षी बाहेर पडत, त्यांच्या घरची चूल कशी पेटत असेल?

या प्रश्नाचे एक उत्तर मरीनाच्या दक्षिणेस महाबलीपुरमच्या रस्त्यावर मिळते, असे मी वाचले होते. माझी आतेबहीण बारा वर्षे अडयारला राहते. ती म्हणाली, “ताई, त्या फाटकावरून मी शंभर वेळा तरी गेले असेन. आत मात्र कधी पाऊल टाकले नाही.” तेव्हा दोघी मिळूनच निघालो. तिरुवान्मियूर मागे पडले, नीलांगरै गेले आणि इंजंबाक्कम येथे डाव्या हाताला, म्हणजे समुद्राच्या बाजूला, ‘चोळमंडळ कलाग्राम’ आले. चोळ राजांचे मंडळ ते चोळमंडळ. ‘कोरोमंडल’ हे या किनाऱ्याचे परदेशी खलाशांच्या तोंडी रुळलेले नाव याच शब्दाचे रूपांतर होय.

या गावाची स्थापना १९६६ साली झाली आणि तिचे प्रवर्तक होते के. सी. एस. पणिक्कर. हे रायचौधुरींचेच शिष्य. १९५७ मध्ये गुरूंच्या जागी ते कलाशाळेचे प्रमुख झाले. प्राचार्याच्या खुर्चीवरून त्यांना जे दिसले ते मोठे बेचैन करणारे होते. पाच-सहा वर्षे रेषा आणि रंग यांची तपश्चर्या केलेला विद्यार्थी पदविका घेऊन बाहेर पडतो, मिळेल ती नोकरी धरतो आणि दोन-तीन वर्षांत त्याच्या कुंचल्याचे केस वाळून जातात. मंदिरे आणि राजदरबार यांनी एके काळी या प्रांतातील कारागिरांना पोसले होते. तंजावरच्या भोसले राजांच्या, विशेषतः दुसऱ्या सरफोजींच्या, आश्रयाने तेथील सोनेरी वर्खाची चित्रकला कशी बहरली, हे आपल्या वाचकांस ठाऊक असेलच. पण ते राज्य १८५५ मध्ये लयास गेले. नव्या मद्रासमध्ये चित्र विकत घेणारी घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती.

पणिक्करांनी काढलेली युक्ती साधी होती. चित्र विकले जात नसेल तर चित्रकाराने हातांनी दुसरे काही सुंदर करावे, ते विकावे आणि त्या पैशावर चित्र काढण्यास मोकळे राहावे. यासाठी त्यांच्या मंडळींनी कारागिरीची एक सहकारी संस्था उभी केली आणि बाटिक, धातुकाम, मातीकाम, चामड्यावरील नक्षी अशी कामे हाती घेतली. बाटिकने त्यांना विशेष हात दिला.

बाटिक म्हणजे काय ते मला एका वयोवृद्ध चित्रकारांनी त्यांच्या ओसरीवर बसून समजावून दिले. पांढऱ्या कापडावर जो भाग पांढराच ठेवावयाचा त्यावर वितळलेले मेण कुंचल्याने लावावयाचे. मग कापड फिक्या रंगात बुडवावयाचे, वाळवावयाचे, पुन्हा मेण, पुन्हा त्याहून गडद रंग. रंग थंडच हवा, नाहीतर मेण पाघळते. शेवटी कापड उकळत्या पाण्यात घालून सारे मेण काढून टाकावयाचे. मेणाला जेथे तडे जातात तेथे रंग शिरतो आणि केसासारख्या बारीक रेषांचे जाळे उमटते. “या रेषा कोणी काढीत नाही,” ते म्हणाले, “आणि गिऱ्हाइकाला त्याच सर्वांत जास्त आवडतात!” हे सांगताना ते मनापासून हसले. आतून त्यांनी एक जुना तुकडा आणून दाखविला. त्याच्या तांबूस रंगात इतकी वर्षे लोटूनही उणेपणा आला नव्हता.

कारागिरीच्या मिळकतीतून सुमारे दहा एकर जमीन घेण्यात आली आणि ती कलावंतांनी आपसांत वाटून घेतली. आज ज्या रस्त्यावर मोटारींची रीघ थांबत नाही, तेथे त्या वेळी वाळू, सुरूची झाडे आणि वारा एवढेच होते. पहिल्या काळात वीजही नव्हती. झावळ्यांच्या झोपड्या आधी आल्या, पक्की घरे मागाहून. जे. सुलतान अली, एम. सेनाधिपती, पी. गोपीनाथ, के. व्ही. हरिदासन, एस. जी. वासुदेव, अर्नवाज, पणिक्करांचे चिरंजीव एस. नंदगोपाल अशी किती तरी नावे या वाळूशी निगडित आहेत. सरकारी अनुदानाची वाट पाहत हे लोक बसले नाहीत, ही गोष्ट सरकारी मासिकात लिहिताना मला थोडे अवघडल्यासारखे होत असले तरी ती लिहिलीच पाहिजे.

अर्थात सरकारने काहीच केले नाही असे नव्हे. ललित कला अकादमी १९५४ सालीच स्थापन झाली होती. विणकर सेवा केंद्रांनीही अनेक चित्रकारांना नोकरी दिली. आपले प्रभाकर बरवे हे १९६१ पासून अशाच केंद्रात काम करीत होते, प्रथम बनारसला आणि नंतर मुंबईस. साडीच्या काठाचे नमुने करणारा माणूस आणि कोऱ्या कॅनव्हासपुढे उभा राहणारा माणूस हे दोघे एकाच देहात राहत. मीही पोटासाठी दिवसभर इतरांच्या लेखांची भाषांतरे करते आणि स्वतःचे चार शब्द रात्री लिहू पाहते; त्यामुळे या तडजोडीची चव मला थोडीफार परिचित आहे. पगारी नोकरी दिवसाचा उजेड मागते. चोळमंडळाची खुबी ही की, तेथे मेणाची कढई केव्हा चढवावयाची आणि केव्हा उतरवावयाची हे चित्रकाराच्या हाती होते.

सर्वांनाच हे मानवले असे नाही. विश्वनाथन आणि अक्कित्तम नारायणन पॅरिसला स्थायिक झाले, वासुदेव बंगळुरास गेले. चित्रांना हळूहळू गिऱ्हाईक मिळू लागल्यावर बाटिकचे महत्त्वही ओसरले. आणि यात वाईट वाटण्यासारखे काही नाही, कारण कढई उतरावी यासाठीच तर ती चढविली होती. पणिक्कर १९७७ मध्ये वारले. २००९ साली उघडलेल्या येथील संग्रहालयात मद्रासच्या या पिढीची चित्रे आणि शिल्पे नीट मांडली आहेत. पणिक्करांची शब्द आणि चिन्हे यांनी भरलेली चित्रे पंचांगाच्या किंवा पत्रिकेच्या पानासारखी दिसतात. जवळ जाऊन वाचू म्हटले तर अक्षर लागत नाही. माझी बहीण अशा एका चित्रापुढे बराच वेळ उभी होती. “आजीच्या पेटीतला कागद वाटतो,” एवढेच ती म्हणाली.

निघताना त्या वृद्ध चित्रकारांनी मी काय काम करते असे विचारले. मासिकाचे नाव ऐकून त्यांचा चेहरा उजळला. तरुणपणी त्यांनीही मासिकांसाठी चित्रे काढली होती. मग त्यांनी सहज विचारले, “तुम्ही चित्रकाराला पत्र लिहिता तेव्हा त्यात मानधनाचा आकडा कितव्या ओळीत असतो?” मला उत्तर सुचले नाही. आमच्या पत्रात विषय असतो, चित्राची लांबी-रुंदी असते, मुदत असते आणि शेवटी ‘आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत’ असते. मध्यंतरी एका तरुण चित्रकर्तीने मानधनाची चौकशी केली, तेव्हा मीच तिला काहीशा नाराजीने कळविले होते की, चित्राखाली आपले नाव ठळक छापले जाईल.

त्या रात्री अडयारला बहिणीच्या जेवणाच्या टेबलावर बसून मी पुढील अंकाच्या चित्रांसाठी तिला पत्र लिहावयास घेतले. नमस्कारानंतरची पहिली ओळ मानधनाची लिहावी असे ठरविले आणि लेखणी तेथेच थांबली. तो आकडा किती, हे इतक्या वर्षांत मी कधी विचारलेच नव्हते. सकाळी कचेरी उघडताच दूरध्वनी करून हिशेबनिसांना विचारावा लागला.