भाताच्या जिल्ह्यात भात मागून खा

नागपूरहून रायपूरकडे जाणारा हमरस्ता आमच्या भंडारा जिल्ह्याच्या अगदी मधून जातो. जुनी माणसं त्याला अजून ‘सहा नंबर’च म्हणतात, जरी आता त्याचा नंबर ५३ झाला आहे. या रस्त्यानं वर्षभर माणसं येतात-जातात. कुणी नागझिऱ्याला वाघ बघायला, कुणी गोंदियाला लग्नाला, कुणी थेट छत्तीसगडात. वाटेत भूक लागली की गाडी ढाब्यापाशी थांबते आणि मग काय मागवलं जातं? पनीर, बटर रोटी, नाहीतर मुलांच्या हट्टापायी नूडल्स! दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या नजर पोचेल तिथवर पसरलेल्या असतात, आणि त्या धानाचा एक घाससुद्धा न खाता पाहुणे जिल्हा ओलांडून जातात. मला याची फार चुटपुट लागते. म्हणूनच आज तुम्हांला सांगणार आहे, आमच्याकडे आलात तर काय खा, काय प्या, कुठं बसा आणि कुठं जपा.

आधी थोडी ओळख. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा झाला आणि आमच्याकडे सात तालुके उरले : भंडारा, मोहाडी, तुमसर, पवनी, साकोली, लाखनी आणि लाखांदूर. नागपूरपासून भंडारा साधारण साठ किलोमीटर. एस. टी. भरपूर आहेत. रेल्वेनं येणार असाल तर एक ध्यानात ठेवा, ‘भंडारा रोड’ स्टेशन गावात नाही, ते वरठीला आहे. तिथून गावात यायला आणखी दहा-एक किलोमीटर जावं लागतं. तेव्हा मुलं बरोबर असतील तर स्टेशनवरच काहीतरी पोटात घालून घ्या.

सकाळचा नाश्ता

सकाळी आमच्याकडे पोहे, पण पुण्या-मुंबईसारखे खोबरं पेरलेले कोरडे नव्हेत. पोह्यांवर हरभऱ्याची झणझणीत तर्री ओततात. बरोबर आलूबोंडा, तोही रश्श्यात बुडवून. मुलांना सोसणार नसेल तर आधीच सांगा, “भाऊ, तर्री वेगळी द्या.” नक्की देतात. स्टँडजवळच्या गाड्यांमधली कुठली निवडावी, याची माझी एक साधी खूण आहे. जिथं शाळेतले मास्तर, कंडक्टर आणि हमाल एकाच वेळी उभे असतील, तिथलं तेल आणि माल ताजा असतो. नऊच्या सुमाराला कढई रिकामी होत आली असेल, तर ती जागा चांगली समजावी. दुपारी बारालाही बोंड्यांचा डोंगर तसाच असेल, तर पुढं चला!

आमची बोली माहीत नसली तर खाण्याच्या बाबतीत गंमत होते. ‘सांबार’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं इडली येईल, पण आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. त्यामुळे सांबारवडी म्हणजे कोथिंबिरीचं सारण भरलेली खुसखुशीत वडी, आणि ती चुकवू नका बरं का. आलू म्हणजे बटाटा, लवकी म्हणजे दुधी, फल्लीदाणे म्हणजे शेंगदाणे. पोपटाची भाजी म्हटलं की घाबरू नका, ती वालाच्या शेंगांची!

दुपारचं जेवण

आता मुख्य गोष्टीकडे येते. दुपारी हॉटेलात बसलात की कार्ड पाहण्याआधी विचारा, “भात कोणता आहे?” वाढणारा मुलगा जरा गोंधळेल, कारण हा प्रश्न त्याला कुणी विचारतच नाही. बहुतेक ठिकाणी जाडाभरडा किंवा बाहेरून आलेला बासमती शिजवतात. पण आमच्या मातीतला तांदूळ आहे चिन्नोर. दाणा बारीक, शिजला की मऊ, आणि वास असा की शेजारच्या घरी कळतं आज यांच्याकडे चिन्नोर शिजतोय. २०२३ साली ‘भंडारा चिन्नोर’ला भौगोलिक मानांकन मिळालं. सीमेपलीकडच्या बालाघाटच्या चिन्नोरला ते त्याआधीच, २०२१ मध्ये मिळालं होतं.

मानांकन मिळालं म्हणजे सगळं झालं असं मात्र नाही. चिन्नोरचं रोप उंच वाढतं, वाऱ्या-पावसात लोळतं, पीक उशिरा हाती येतं आणि उतारा कमी. शेजारच्या बांधीत लवकर येणारं, जास्त पिकणारं धान डोलत असताना शेतकऱ्यानं चिन्नोर कशाच्या जोरावर लावावा? पुष्कळ घरी आता तो घरच्यापुरता, सणासाठी, लेकी-जावयांसाठी एखाद्या बांधीत लावतात. माझ्या सासरीही तसंच आहे. सासूबाई म्हणतात, “विकायला परवडत नाही अन् सोडायला जीव होत नाही.” जो तांदूळ गिऱ्हाईक मागत नाही, तो दुकानदार ठेवत नाही, आणि दुकानदार घेत नाही तो शेतकरी लावत नाही. हिशेब इतका सरळ आहे.

हॉटेलात नाही मिळाला तर साध्या घरगुती खानावळीत चौकशी करा. आदल्या दिवशी फोन करून सांगितलंत तर महिला बचत गटांच्या बायकाही जेवण करून देतात. कुठल्याही तालुक्याच्या गावी पंचायत समितीत किंवा एखाद्या शाळेतल्या बाईंना विचारलंत तरी पत्ता लागतो. अशा ठिकाणी वरण-भात, वांग्याची भाजी, कढी, अंबाडीची भाजी, पाटवडीचा रस्सा असं साग्रसंगीत ताट मिळतं. गोळाभात किंवा वडाभात हवा असेल तर तसं आधी सांगावं. भातावर फोडणीचं गरम तेल ओतून, वडे कुसकरून खायचा हा प्रकार विदर्भाबाहेर सहसा मिळत नाही.

ताटात लाखोरीचे वडे किंवा डाळ आली तर हौसेनं खा. धान कापायच्या आधी ओलीवरच शेतात लाखोरी फेकतात, ती वेगळं पाणी न मागता येते, म्हणून गरिबाघरी तिचा मोठा आधार. मात्र महिनोन्महिने फक्त तीच खाल्ली तर पाय लुळे पडण्याचा विकार होऊ शकतो. पाहुणीनं एक दिवस खाल्ल्यानं काही होत नाही. घरी नेणार असाल तर गरम पाण्यात भिजवून, ते पाणी फेकून मग शिजवावी, आणि रोज करू नये.

तळ्यातलं आणि रानातलं

आमचा जिल्हा तलावांचा. पूर्व विदर्भात सहा हजारांहून जास्त मालगुजारी तलाव आहेत, आणि त्यांतले कितीतरी कोहळी समाजाच्या लोकांनी गोंड राजांच्या काळापासून बांधत आणलेले आहेत. धानाला पाणी देता देता हे तलाव आमच्या स्वयंपाकघरालाही देत राहतात. मासे खाणाऱ्यांसाठी मरळ, रोहू, झिंगे. आठवडी बाजारात सकाळी लवकर गेलात तर ताजे मिळतात. दिवाळीच्या आगेमागे शिंगाडे येतात. ढिवर बायका टोपलीभर उकडलेले शिंगाडे घेऊन बसलेल्या दिसतील. घ्या आणि एस. टी.त सोलत बसा, मुलांचा वेळ छान जातो. हिरवे कच्चे घेतलेत तर धुऊनच खा, कारण ते तळ्याच्या पाण्यातून आलेले असतात.

पावसाळ्यात याल तर काटवलं, तरोट्याची कोवळी भाजी, बांबूचे कोंब म्हणजे आमचे वास्ते, आणि सात्या. सात्या म्हणजे वारुळावर उगवणाऱ्या अळिंब्या. महाग असतात, पण एकदा चाखून पाहाच. फक्त बाजारात नेहमी बसणाऱ्या बाईकडूनच घ्या, रानात दिसली म्हणून स्वतः कधीही उपटू नका. विषारी अळिंबी दिसायला तशीच असते. उन्हाळ्यात टेंभरं, चारं आणि मोहफुलं असतात.

नागझिऱ्याला पावसाळ्यात जाऊ नका, तेव्हा जंगलाची दारं बंद असतात. साकोलीकडून पिटेझरीच्या दारानं आत जाणार असाल तर आत खाण्यापिण्याचं काही मिळेल या भरवशावर राहू नका. साकोलीतच जेवून निघा. बरोबर दशम्या, चटणी, फल्लीदाण्याचे लाडू आणि पाणी असू द्या. रिकाम्या पिशव्या परत आणा, हे सांगायला नको.

पाण्याचं मात्र जपा

पवनीला जाल तर जरूर जा. १९६९-७० च्या उत्खननात तिथं प्राचीन बौद्ध स्तूप सापडला, घाट आणि किल्ल्याचं दार बघण्यासारखं आहे. पवनीजवळच गोसीखुर्दचं मोठं धरण आहे. त्याची पायाभरणी १९८८ साली झाली. धरणाचं पाणी पार भंडाऱ्यापर्यंत तुंबतं. आणि नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानेत, कन्हानेतून वैनगंगेत येतं. जी नदी आमची माय, तिचं पाणी पाहुण्यांना जसंच्या तसं प्या म्हणून सांगायची सोय राहिली नाही, हे लिहिताना जड जातं. तेव्हा पाणी घरचं उकळलेलं न्या, किंवा गाळून शुद्ध केलेलंच प्या. बर्फ घातलेलं सरबत टाळा. तहानेला मठ्ठा, समोर काढलेला उसाचा बिनबर्फाचा रस आणि उकळता चहा उत्तम. कुणाच्या घरी गेलात आणि आंबील पुढं आली तर नको म्हणू नका. उन्हाळ्यात तिच्यासारखं पोटाला थंड दुसरं काही नाही.

बाईमाणसानं कुठं बसावं

हा विषय कुणी लिहीत नाही, पण तुम्ही-आम्ही प्रवासाला निघालो की पहिला विचार तोच येतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही तिघी शिक्षिका परीक्षेच्या कामावरून परतताना रस्त्यावरच्या एका ढाब्यावर थांबलो. वाढप्यानं आधी आमच्या मागं पाहिलं, मग विचारलं, “जेन्ट्स कोणी नाही का सोबत?” आणि आम्हांला पडद्यामागच्या कोंदट खोलीत बसवलं. पंखा बंद, टेबल ओलं. आमच्यातल्या मोठ्या बाई उठल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “दादा, आम्ही जेवायला आलोय, लपायला नाही.” मग बाहेर, झाडाखालच्या टेबलावर बसलो आणि निवांत जेवलो. कुणी काही बोललं नाही. 

तेव्हा संकोच करू नका. दिवसाउजेडी, जिथं बायका-मुलांची वर्दळ आहे अशी जागा निवडा आणि आपल्याला हवं तिथं बसा. मागवण्याआधी संडास-बाथरूम बघून घ्या. ती स्वच्छ असेल तर स्वयंपाकघरही बहुधा ठीक असतं. रस्त्यावरच्या पेट्रोल पंपांवरही सोय असते, मागायला लाजू नये. तहानलेलं राहून, पाणी न पिता प्रवास करायची आपल्या बायकांची खोड फार वाईट. दुखणं मागाहून आपल्यालाच काढावं लागतं.

जमल्यास भाऊबीजेनंतर या. तेव्हा गावोगाव मंडई भरते. सासुरवाशिणी माहेरी आलेल्या असतात, दिवसा दंडार, रात्री नाटक, आणि बाजारात गरम भजी, जिलबी, चिवडा, ऊस, शिंगाडे. ओळखीचं एक घर असलं की चार घरी जेवायचा आग्रह होतो. “या जी, बसा जी” अशी हाक आली की आढेवेढे न घेता पाटावर बसावं. नवं धान घरात आलेलं असतं, त्या दिवसांतला भात काही औरच!

जाताना काय न्याल

भंडाऱ्याची पितळेची भांडी प्रसिद्ध आहेत. एखादी परात किंवा गुंड न्या. स्वयंपाकाला वापरणार असाल तर कल्हई करून घ्या, आणि बिनकल्हईच्या भांड्यात ताक, चिंच, टमाटर ठेवू नका. 

आणि चिन्नोर न्या. शक्यतो शेतकऱ्याकडून किंवा बचत गटाकडून घ्या, कारण नाव चिन्नोरचं आणि दाणे भलतेच असंही होतं. मूठभर तांदूळ तळहातावर चोळून वास घ्या. थोडा शिजवून बघायला मिळाला तर उत्तम. घरी आल्यावर फार चोळून धुऊ नका, दोन पाण्यांतून काढा आणि वीस मिनिटं निथळत ठेवा. तांदूळ नवा असेल तर दीडपट पाणी पुरतं, वर्षभराचा जुना असेल तर दुप्पट. पातेल्यात, मंद आचेवर, झाकण ठेवून शिजवा. कुकरच्या शिट्ट्यांबरोबर निम्मा वास उडून जातो. वर साधं वरण, तूप, लिंबू. दुसरी भाजी लागत नाही.

वाघ दिसणं न दिसणं नशिबाचं. भात मात्र मागितला तर मिळतो. आज एकीनं विचारलं, उद्या दहाजणींनी विचारलं, की परवा तो हॉटेलवाला स्वतःहून पाटीवर लिहील, ‘चिन्नोर भात मिळेल’. मग सासूबाईंसारख्या कितीतरी घरी त्या एका बांधीच्या दोन होतील. तेव्हा आमच्या जिल्ह्यात आलात की तेवढं एक विचाराच, “भात कोणता आहे, भाऊ?”