आधी मागे जा

अंकलचा आणि माझा व्यवहार रोखठोक होता. त्यांच्याकडे येणारे मराठी कागद मी वाचून दाखवायचे आणि त्यांनी माझ्या इंग्रजीच्या अडचणी सोडवायच्या. गोव्याच्या अनेक ख्रिस्ती माणसांसारखी त्यांची कोकणी रोमी लिपीतली. देवनागरी अक्षरं दिसली की ते कागद माझ्याकडे सरकवत. पालिकेची नोटीस, रेशनचा फॉर्म, सोसायटीचं पत्रक, सगळं माझ्या वाट्याला येई. कॉलेजातून गिरगावात घरी परतताना धोबीतलावला त्यांच्या खोलीत डोकावायचं, असा माझा नेम झाला होता.

अंकल व्हायोलिन वाजवत. गावच्या चर्चच्या शाळेत स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकायचं, मुंबईत येऊन आपल्या गावच्या ‘कुडा’त, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडात, पथारी टाकायची आणि काम शोधायचं, हा त्यांच्या पिढीचा रस्ता. हिंदी सिनेमाचा वाद्यवृंद उभा राहिला त्यात या माणसांचा वाटा मोठा. संगीतकार चाल गुणगुणे. ती कागदावर उतरवून कोणत्या वाद्यानं कुठे काय वाजवायचं ते लिहिणारे अरेंजर पुष्कळदा गोव्याचे असत. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही त्यातली मोठी नावं. माजोर्ड्याच्या गोन्साल्विसांकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले आणि १९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यानं गुरूचं नाव घरोघरी नेलं. अंकल मात्र मागच्या रांगेतले. त्यांचं नाव ना पडद्यावर आलं, ना रेकॉर्डवर.

एकदा माझ्या पाठ्यपुस्तकात गर्दीच्या आवाजाचं वर्णन करताना ‘क्रेशेंडो’ हा शब्द आला. कोशात अर्थ होता, आवाजात क्रमाक्रमानं होणारी वाढ. परीक्षेपुरतं तेवढं भागलं असतं. पण शब्द संगीतातला आणि संगीतातला माणूस समोर बसलेला, म्हणून विचारलं.

अंकलनी उत्तर दिलं नाही. जुन्या कागदांतून नोटेशनचं एक पान काढलं. पाच रेघांच्या खाली एका बिंदूतून निघून हळूहळू फाकत गेलेल्या दोन रेषा होत्या. “याला आम्ही हेअरपिन बोलतो. उघडं तोंड नको बघू, टोक बघ.” मग व्हायोलिन खांद्यावर घेतलं. गज टोकाशी हलका आणि मुठीशी जड. तो टोकाकडून मुठीकडे नेला की आवाज आपसूकच वाढू बघतो. त्या वाढीला आवर घालत, गजाचा वेग आणि दाब किंचित किंचित वाढवत त्यांनी एकच सूर खोलीभर केला. सुरुवात कुठे झाली ते मला ऐकूही आलं नव्हतं.

“नवे पोरगे हे चिन्ह बघितलं की लगेच जोर लावतात,” ते म्हणाले. “अगो बाय, क्रेशेंडो लिहिलंय म्हणजे आधी मागे जा. मागे नाही गेलीस तर पुढे जायला जागा कुठे?”

त्या एका शब्दावर ते पुढे कितीतरी दिवस बोलत राहिले. पियानोवर एकटा सूर वाढवता येत नाही. पट्टी दाबली की तो विझायलाच लागतो, वाढ दाखवायची तर पुढचा सूर हवा. सतारीचंही तसंच. गळा, शहनाई आणि व्हायोलिन यांना मात्र एकच सूर फुलवता येतो. मला ख्यालातली बढत माहीत होती, म्हणून विलंबितातून द्रुतात जातात तसंच का, असं विचारलं. त्यांनी मान हलवली. लय वाढते ती गोष्ट वेगळी, तिला अचेलेरांडो म्हणतात. आणि रावेलच्या ‘बोलेरो’ची कॅसेट लावली. १९२८ साली पॅरिसमध्ये पहिल्यांदा वाजलेली ही रचना जवळजवळ पाव तास चालते. एका लहान ड्रमवर तोच ठेका शेवटापर्यंत, आलटूनपालटून येणाऱ्या त्याच चाली, लय जागची हलत नाही. वाद्यांवर वाद्यं चढत जातात आणि आवाज तेवढा वाढतो.

रोसिनीच्या ‘द बार्बर ऑफ सेव्हिल’ या १८१६ सालच्या ऑपेरातलं एक गाणं त्यांनी नुसतं सांगून समजावलं. संगीतशिक्षक बाझिलिओ त्यात बदनामी कशी पसरते ते सांगतो. झुळुकीसारखी सुरू होते, कानोकान फिरते आणि शेवटी तोफेसारखी उडते. वाद्यवृंदही तसाच कुजबुजीतून गडगडाटात जातो. “तोफ सगळ्यांना आठवते,” अंकल म्हणाले, “पण बिचाऱ्या माणसाचं नाव झुळुकीतच गेलेलं असतं.”

इटालियनमध्ये या शब्दाचा अर्थ ‘वाढत’. म्हणून इंग्रजी पेपरात कुणी ‘क्रेशेंडोला पोहोचलं’ असं लिहिलं की अंकल चिडत. “रस्त्याला पोहोचतात काय? रस्त्यानं पोहोचतात.” आता इंग्रजी कोशांनी ‘कळस’ हा अर्थही नोंदवला आहे, चांगले लेखकही तो वापरतात. अंकलना ते पटलं नसतं. मी वाद घालत नाही, फक्त स्वतः तसं लिहीत नाही.

पुढे मी मराठी दैनिकात बातम्यांच्या अनुवादाला लागले. इंग्रजी वृत्तसंस्थेच्या मजकुरात हा शब्द वरचेवर येतो. मोर्चा, महागाईची ओरड, एखाद्यावरची टीका, सगळ्यांना तो लावतात. त्यावर ‘शिगेला पोहोचला’ हे आपलं तयार उत्तर हाताशी असतंच. ते उचलण्याआधी मी बातमीत मागे जाते. हे सुरू कधी झालं? तेव्हा किती माणसं होती? पहिलं निवेदन कुणी दिलं, आणि ते कुणी वाचलं का? पुष्कळदा उत्तर शेवटच्या परिच्छेदात पडलेलं असतं आणि मी ते वर आणते. शीग अजून यायची आहे असं दिसलं, तर ‘वाढत चालला आहे’ एवढंच लिहिते. नवी मुलं कंटाळतात. त्यांना मथळ्यासाठी तोफ हवी असते.

अंकल गेले तेव्हा आमचा व्यवहार चुकता आहे, असं मी धरून चालले होते. जितके कागद वाचले तितके शब्द मिळाले. पण मी वाचलेल्या नोटिसांचं काम त्या त्या महिन्यात संपलं. त्यांनी दिलेल्या शब्दावर माझी रोजची नोकरी अजून चालते.