डेनालीची सफर आणि कानावरचा चिमटा

अलास्कातले टॅल्कीटना हे गाव तसे चिमुकलेच. एक मुख्य रस्ता, दोन्ही बाजूंना लाकडी घरे आणि पलीकडे तीन नद्यांचा संगम. अँकरेजहून मोटारीने सुमारे 185 किलोमीटर. एरवी इथे कोण आले असते? पण उत्तरेला 20,310 फूट उंचीचे डेनाली शिखर आहे. अमेरिकन सरकारने 2025 मध्ये त्याचे जुने मॅकिन्ली हे नाव पुन्हा लावले; अलास्कातले लोक मात्र डेनालीच म्हणतात. हे शिखर जवळून पाहायचे तर टॅल्कीटनाच्या धावपट्टीवरून छोट्या विमानात बसायचे. चाकांबरोबर स्की लावलेली, एका इंजिनाची ऑटर आणि बीव्हर विमाने उन्हाळ्यात दिवसभर वरखाली करीत असतात.

मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेत गेलेले आईवडीलही आता इथवर पोहोचतात. तिकीट चांगलेच महाग. खिडकीजवळची जागा, कॅमेरा, स्वेटर सगळ्यांचा विचार झालेला असतो. नसतो तो एकाच वस्तूचा, आसनापाशी अडकवलेल्या हेडसेटचा. तो कसातरी डोक्यावर चढवला जातो. पंधरा मिनिटांत चष्म्याच्या काड्या कानामागे रुतू लागतात, कानशिले ठणकतात. मग कंटाळून एक वाटी हळूच बाजूला सरकवली जाते आणि इंजिनाची घरघर थेट कानात शिरते. तेवढ्यात विमान रूथ हिमनदीच्या घळीत शिरलेले असते. दोन्ही अंगांना सुमारे पाच हजार फुटांचे ग्रॅनाइटचे कडे! वैमानिक काहीतरी सांगतो आहे हे दिसते, पण ऐकू येत नाही. पैसे मोजले डोळ्यांसाठी आणि लक्ष सगळे कानशिलात.

हा आवाज नुसता त्रासदायक नसतो. पंख्याच्या छोट्या विमानात तो बहुधा 90 डेसिबलच्या पुढे जातो. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या हिशेबाने 85 डेसिबल आवाजात आठ तास चालतात. पुढे दर तीन डेसिबलला मुदत निम्मी होते. म्हणजे 94 डेसिबलला जेमतेम एक तास. हिमनदीवर उतरून येणाऱ्या फेरीत एवढा वेळ सहज जातो.

साधा हेडसेट हा आवाज अडवतो तो दाबानेच. डेव्हिड क्लार्क कंपनीचे हिरव्या वाट्यांचे हेडसेट 1970 च्या दशकापासून जगभरच्या विमानांत दिसतात, ते याच जातीचे. गादी कानाभोवती घट्ट बसली पाहिजे. फट राहिली की संपले. म्हणून त्या दिवशी जाड काडीचा चष्मा घरी ठेवून बारीक तारेच्या काड्यांचा घालावा. लोंबते कानातले काढून पर्समध्ये टाकावे. अंबाडा मानेजवळ खाली बांधावा, नाहीतर वरची पट्टी त्यावर तरंगत राहते. टोपीवर हेडसेट घालायचा हट्ट तर नकोच. पट्टी दोन्ही बाजूंनी सारखी ओढून वाट्या कानाच्या मधोमध आणाव्यात. माईक ओठांच्या कोपऱ्याला जवळजवळ टेकेल इतका जवळ हवा. पुष्कळांना हे अवघड वाटते. पण माईक लांब असला की बोललेले कोणालाच ऐकू जात नाही. आवाज वाढवायचे बटण बहुधा वाटीवरच असते.

दाबाचा हा त्रास कमी करणारी युक्ती सुचली ती एका प्रवाशालाच, तीही विमानात. डॉ. अमर बोस यांचे वडील बंगालमधले स्वातंत्र्य चळवळीतले, अमेरिकेत जाऊन स्थायिक झालेले. 1978 मध्ये झुरिकहून बोस्टनला परतताना विमानातल्या हेडफोनवर संगीत नीट ऐकू येईना, तेव्हा बोस यांनी आकडेमोड सुरू केली. बाहेरच्या आवाजाच्या बरोबर उलट लहर कानात सोडायची, की दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. 1989 मध्ये त्यांच्या कंपनीचा वैमानिकांसाठीचा हेडसेट बाजारात आला. इंजिनाची खर्जातली घरघर अशा हेडसेटने फारच उतरते आणि चिमटाही सौम्य ठेवता येतो. मात्र उत्तम प्रतीच्या जोडीला हजार डॉलरच्या वर मोजावे लागतात, शिवाय पेन्सिल सेल सांभाळायचे.

एका सफरीसाठी एवढा खर्च कोणी करू नये. पण घरातल्या कोणी विमान चालवण्याचा परवाना काढला असेल आणि दर सुट्टीत शेजारी बसायचे असेल, तर प्रवाशाचा म्हणून उरलासुरला हेडसेट गळ्यात मारून घेऊ नये. दुकानात आपला नेहमीचा चष्मा लावून निदान वीस मिनिटे तो डोक्यावर ठेवावा. पहिल्या दोन मिनिटांत सगळेच मऊ वाटतात. विमानाच्या हेडसेटला बहुधा दोन पिना असतात, हेलिकॉप्टरच्याला एक, तेवढे पाहून घ्यावे. मुलांसाठी लहान मापाचा मिळतो. कान दडे बसण्यावर मात्र हेडसेटचा इलाज नाही. त्याला आवंढा गिळणे किंवा गोळी चघळणे बरे, आणि जोराची सर्दी असेल तर बेतच पुढे ढकलावा.

टॅल्कीटनाची विमाने हवा चांगली असली की हिमनदीवर उतरतात. इंजिन थांबते, सगळे हेडसेट काढून बर्फात पाय ठेवतात आणि काही क्षण कोणीच बोलत नाही. निघताना काढलेला हेडसेट आपल्याच आसनावर ठेवावा. परतीच्या वाटेवर पट्टी पुन्हा जुळवत बसावे लागत नाही.